आधी कोण उठलं?

सांडोर, वसई
बुधवार, १५ फेब्रुवारी १९८४

प्रिय लिडी,

सालूचा तुला सप्रेम नमस्कार. देवाच्या दयेनं इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझे गुडघे, तुझी सून, नातवंडं, सगळं खुशाल असावं. पाकिटावरचं अक्षर बघूनच तू पत्र चुलीत घालशील अशी मला भीती वाटते, म्हणून आधीच सांगते: घालायचं तर घाल, पण वाचून घाल. चौतीस वर्षं पोरांची शुद्धलेखनं तपासली, तेव्हा अक्षरांच्या चुका तुला सापडायच्या नाहीत. बाकीच्या चुका पुष्कळ आहेत, त्या मीच दाखवणार आहे. तू आणि मी बोललो नाही त्याला गेल्या महिन्यात नऊ वर्षं झाली. मला तुझ्याकडे यायचं आहे. येऊ का, ते शेवटी विचारते, कारण मधलं सांगितल्याशिवाय विचारायला मला तोंड नाही.

वाडीत केळी बरी आहेत. ॲन्सेल्मनं विहिरीवर नवीन पंप बसवला आणि आता दिवसातून चार वेळा तो उगाच चालू करून आवाज ऐकत बसतो. माझा धाकटा भाऊ अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी तसाच आहे. जित्याची खोड, दुसरं काय!

आता मोठी बातमी. लिडे, मी जिंकले! मुंबईच्या कॉलेजातल्या प्रोफेसराला भर सभेत "माझं चुकलं" म्हणायला लावलं, आणि तेही माकडांच्या बाबतीत. हसू नकोस. हसलीस तर हस, पण पुढं वाच.

माझी भाची इझाबेल, ॲन्सेल्मची धाकटी, तुझ्या मांडीवर बसून जिनं तुझ्या लुगड्याला आंब्याचा रस पुसला होता ती, आता एम.एस्सी. झाली. तीन वर्षांपूर्वी तिनं विषय घेतला तुंगारेश्वरच्या रानातली लाल तोंडाची माकडं. ॲन्सेल्म म्हणाला, एकटी पोर रानात जायची नाही. मी नुकतीच रिटायर झाले होते, दिवसभर घरात सगळ्यांच्या चुका काढत होते, तेव्हा सगळ्यांनी मिळून मला तिच्या राखणीला लावून दिलं. सातिवलीपर्यंत टेम्पो आणि पुढं पायी. पहिल्या दिवशी मी छत्री, विणकाम आणि जपमाळ घेऊन गेले. विणकाम अजून तिथंच अडकलंय, एक बाहीसुद्धा पुरी झाली नाही.

कारण काय सांगू, तो कळप म्हणजे माझा वर्गच गं! सव्वीस माकडं. इझाला एकेक ओळखायला महिना लागला, मला चार दिवस. बेचाळीस पोरांतलं कोण कोणाची पाटी चोरतं, कोण कोणाशेजारी बसायला धडपडतं हे पाठमोरं उभं राहून ओळखलंय मी. निवृत्तीच्या दिवशी शाळेतून दोन कोरे हजेरीपट मागून आणले होते. कशाला, ते तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. ते कामाला आले. डाव्या बाजूला माकडांची नावं, आणि दर पाव तासाला खूण करायची: कोण कोणाजवळ बसलंय, कोण कोणाच्या उवा बघतंय. इझाचे इंग्रजी तक्ते पडले बाजूला, माझे हजेरीपट मात्र चालले.

आणि काय काय दिसलं! पिल्लं असतात ना, त्यांना मैत्रीला कोणीही चालतं. आज याच्याशी कुस्ती, उद्या त्याच्या शेपटीला लोंबकळणं. मुलगे वयात आले की कळप सोडून दुसरीकडे जातात, पोरी मात्र जन्मभर आईच्याच कळपात. आपल्या अगदी उलट. इथं तू लग्न करून आगाशीला गेलीस आणि मी आठ दिवस जेवले नाही, आठवतं? माकडीण असतीस तर इथंच राहिली असतीस. मग त्या पोरींना पिल्लं झाली की त्यांचा भाव वधारतो. सगळ्या जणी पिल्लू बघायला येतात, आईच्या उवा बघतात, नुसती रीघ लागते. आणि म्हाताऱ्या? त्या लांब बसतात.

पहिल्याच हिवाळ्यात फ्रेडरिक सर, म्हणजे इझाचे प्रोफेसर, एक दिवस येऊन गेले. देवळाच्या पायऱ्यांवर बसले. तिथं येणारे लोक माकडांना चणे आणि केळी टाकतात, म्हणून सगळी माकडं एका जागी बघायला मिळतात. वर सगळी धुमश्चक्री, आणि आमची कानतुटी खाली एकटी बसलेली. ही कळपातली सगळ्यात म्हातारी, तिचा डावा कान अर्धा नाही. सर तिच्याकडे बोट दाखवून इझाला म्हणाले, "बघ, म्हातारी झाली की कळप बाहेर टाकतो. आता हिला कोणी विचारत नाही."

लिडे, मला ते असं लागलं! मी रिटायर झाल्यापासून शाळेतून एक कुत्रं माझ्या दारी आलं नव्हतं. मी तिथंच ठणकावलं, "सर, एका दिवसात तर मी पोराला नापाससुद्धा करत नाही." ते हसले. म्हणाले, "बाई, मग तुम्ही पुरावा आणा." बस्स. पुरावा आणा म्हणे! माझे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत.

पण पुरावा आणायच्या आधी मी जो घोळ घातला तो ऐक. आपल्यात रिकाम्या हातानं कोणाच्या दारी जात नाहीत. आईनं लहानपणापासून हाडात भिनवलेलं. मग माकडांच्या घरी तरी रिकाम्या हातानं कशी जाऊ? रोज पदराखाली वाडीतल्या केळ्यांची सुकवलेली सुकेळी न्यायची. इझाला पत्ता नाही. ती पाठ फिरवून टिपणं काढायला लागली की कानतुटीला एक हळूच द्यायची. महिन्याभरात कानतुटीभोवती ही गर्दी! मी हजेरीपटावर आनंदानं खुणा करतेय, बघा, हिला किती मैत्रिणी, कोण म्हणतं हिला टाकलीय! मग एक दिवस मला ताप आला आणि इझा एकटीच गेली. संध्याकाळी येऊन म्हणाली, "आत्या, कानतुटीजवळ आज दिवसभरात कोणी फिरकलं नाही. सगळी माकडं माझी पिशवी हुंगत होती." मग तिनं माझी पिशवी उघडली. आत केळीच्या वाळक्या पानात बांधलेल्या सात सुकेळ्या निघाल्या.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "हातात खाऊ असला की कोण खाऊसाठी आलं आणि कोण आपल्यासाठी आलं, ते कळत नाही." आणि महिन्याभराच्या सगळ्या खुणा तिनं लाल शाईनं काट मारून रद्द केल्या. माझा हजेरीपट, आणि त्यावर दुसऱ्या कोणाची तरी लाल शाई! मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. अगं, मग देवळाच्या पायऱ्यांवर तरी काय आहे? तिथं खाऊच आहे की! खाऊसाठी ढकलाढकली होते तिथून म्हातारी लांब जाणारच. सरांनी जे बघितलं ते पायरीवरचं. रानातलं कोणी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही देवळाची वाट सोडली आणि नाल्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसायला लागलो. रिकाम्या हातानं. पहिले काही दिवस मला अगदी उघडं उघडं वाटायचं. देवळापाशी नारळ विकणारे हरेश्वर रोज हाक मारायचे, "मास्तरीनबाई, आज पन पायऱ्यांवर नाय? बरं, पानी तरी पिऊन जा." आणि हजेरीपटात मी एक नवीन रकाना आखला. हा माझा स्वतःचा बरं का, इझाचाही नाही. दोन माकडं शेजारी बसलीत आणि मग वेगळी झाली, तर लिहायचं: आधी कोण उठलं?

टाकलेली असेल तर दुसऱ्या उठून जातील आणि ती बसलेली राहील. बरोबर ना? आम्ही दोन हिवाळे बसलो. कानतुटी दुसऱ्या कोणापासून वेगळी झाली असं तीनशे अठरा वेळा नोंदलं. त्यातलं अडतीस वेळा नीट दिसलं नाही, एकोणपन्नास वेळा दुसरी उठली, आणि दोनशे एकतीस वेळा कानतुटी स्वतः उठली. तिला कोणी ढकललं नाही, कोणी दात दाखवले नाहीत. तरण्या बायका तिच्या उवा बघायला येत होत्या, हीच दोन मिनिटं बसून उठायची. कंटाळा यायचा तिला! आणि उठून जायची कुठं, तर उंबराखाली बसलेल्या दुसऱ्या एका म्हातारीकडे. तिच्या डोक्यावरचे केस गेलेत म्हणून तिचं नाव बोडकी. बाकी सगळा गोतावळा सोडून हिला ती एकच हवी असायची. दोघी तासन् तास पाठीला पाठ लावून बसायच्या. बाकीच्या म्हाताऱ्यांचंही थोड्याफार फरकानं हेच. म्हणजे वय झालं म्हणून त्यांना कोणी टाकत नाही. त्यांनाच आता शंभर जणींत वेळ घालवायचा नसतो. राहिलेला वेळ त्या निवडून खर्च करतात.

हरेश्वर म्हणतात, कानतुटीचा तो कान बोडकीनंच तोडलाय, दहाबारा वर्षांपूर्वी, दोघी जोरात होत्या तेव्हा. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय म्हणे. इझा म्हणाली, "हे आपण बघितलेलं नाही, आत्या. लिहायचं नाही." मी लिहिलं नाही. पण तुला सांगते.

तर गेल्या रविवारी, बारा तारखेला, पापडीला चर्चच्या हॉलमध्ये इझाचं व्याख्यान ठेवलं होतं. हॉल भरलेला. फादर, मास्तर, कॉलेजची पोरं, माझे जुने विद्यार्थी, त्यातल्या काहींना टक्कल पडलेलं. इझा छान बोलली आणि मग म्हणाली, "हे ज्यांनी शोधलं त्यांनीच सांगावं." आणि मला वर ओढलं. बोलायची काही तयारी केली नव्हती गं! पण हातात हजेरीपट होता. तो उघडला आणि मी वर्गातच उभी आहे असं झालं. पाऊण तास बोलले. मागून एक शहाणा ओरडला, "बाई, माकडं मोजून मिळालं काय?" मी म्हटलं, "तुला चौथीत मोजत होते तेव्हा काय मिळालं होतं?" हॉल खो खो हसायला लागला आणि तो आलोशियस आपलं टक्कल चोळत खाली बसला.

मग फ्रेडरिक सर उठले. मला वाटलं, आता शंका काढणार. ते म्हणाले, "मी एक दिवस पायरीवर बसून निकाल दिला. बाई तीन वर्षं रानात बसल्या. माझं चुकलं. या अभ्यासावर दोन नावं छापली जातील, इझाबेल तुस्कानो आणि सालोमी तुस्कानो." टाळ्यांनी छपराचे पत्रे वाजायला लागले. ॲन्सेल्म तर रडायलाच लागला. जन्मभर मी दुसऱ्यांची नावं पटावर लिहिली गं. माझं नाव कोणी छापील असं कधी मनात नव्हतं.

आणि तेवढ्यात शेवटच्या बाकावर मला लाल लुगडं दिसलं.

तू आली होतीस, लिडी. तुला कोणी बोलावलं नव्हतं, आगाशीहून एवढ्या लांब एसटीनं, त्या गुडघ्यांनी. हातात पिशवीसुद्धा नव्हती. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तुझ्या चालूच होत्या, हात डोक्यावर नेऊन, शाळेत मी कविता म्हटल्यावर वाजवायचीस तशा. मग तू उठलीस. मी वाटेतल्या खुर्च्या पाडत दाराशी आले तेव्हा आगाशीची गाडी वळणावर गेलेली. शेवटची गाडी चुकू नये म्हणून तू उठलीस असं मी धरून चालले होते. इझा म्हणते, धरून चालू नये, विचारावं.

मी विचारते. पण त्याआधी माझा स्वतःचा हजेरीपट.

नऊ वर्षं मी साऱ्या आळीत सांगत आले की लिडियानं मला टाकली. तुझ्या घरधन्याला, आग्नेलभाऊंना, अर्धांगवायू झाला ते आठ महिने मी तुमच्याकडे सहा टोपल्या पाठवल्या. अंडी, केळी, कोंबडी, पापलेट. ॲन्सेल्म सायकलवर घेऊन यायचा. मी स्वतः एकदा आले आणि दहा मिनिटांत उठले. त्यांच्या दफनाला आले ती स्मशानाच्या फाटकापाशी उभी राहिले. आणि सातव्या दिवसाच्या मिस्सालाही मी टोपलीच पाठवली. ती तू परत केलीस, वरचा रुमाल घडी घालून, आणि ॲन्सेल्मजवळ निरोप दिलास. मी सगळ्यांना तुझा निरोप सांगितला, "टोपलीला सांग, परत येऊ नकोस." बायका म्हणाल्या, बाई बाई, काय हा लिडियाचा ताठा! मी मान हलवली.

निरोप तेवढाच नव्हता. "टोपलीला सांग, परत येऊ नकोस. सालूला सांग, ये." असा होता. पुढचं अर्धं मी नऊ वर्षं गिळलं.

का, तेही सांगते. माझे बाबा असेच गेले, तोंड वाकडं होऊन, माझ्या हातांत. आग्नेलभाऊंच्या खाटेजवळ बसले की मला बाबा दिसायचे. आणि तू माझ्या गळ्यात पडून रडली असतीस तर मी काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. टोपली भरणं सोपं होतं. मी घाबरले होते, लिडे. आणि भित्री म्हणवून घ्यायचं नव्हतं म्हणून तुला गर्विष्ठ ठरवली. तीनशे अठरा वेळा कागदावर लिहिलं, आधी कोण उठलं, आधी कोण उठलं, आणि दर खेपेला मला माहीत होतं. तुझ्या दारातून आधी मी उठले.

सोमवारी सकाळी ॲन्सेल्मला सांगितलं, अरे, त्या निरोपाचं पुढचं अर्धं मी लपवलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे. मीच आणला होता ना! मला वाटलं, तू विसरलीस." विसरते कसली! मग मिस्सा सुटल्यावर चर्चच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, त्यांनाही उभं राहून पुरा निरोप म्हणून दाखवला, दोन्ही वाक्यं, स्वल्पविरामासकट. मग म्हातारी इनास काकी म्हणाली, "मग बसलीस काय? जा की!" खरं सांगते, सरांनी हार मानली तेव्हासुद्धा मला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

तर विचारते. तू गाडीसाठी उठलीस का माझ्यामुळं? माझ्यामुळं उठली असलीस तर तसं तोंडावर सांग, मी ऐकून घेईन. पण ते मी तुझ्या ओटीवर बसून ऐकणार. येत्या रविवारी पहिला मिस्सा झाला की सकाळच्या गाडीनं येते. तू दार लावलंस तर ओटीवर बसेन. नाल्यावर दोन हिवाळे बसलेली बाई आहे मी, मला बसायची सवय आहे.

राखेचा बुधवार तीन आठवड्यांवर आलाय. उपवास सुरू व्हायच्या आधी तुझ्या हातचं एकदा जेवायचं आहे. मी मात्र काही आणणार नाही. टोपली नाही, केळी नाही, अंडं नाही. आईला वर स्वर्गात काय वाटायचं ते वाटो. जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या दारी रिकाम्या हातानं येणार आहे, म्हणजे मी कशासाठी आले ते तुला नीट दिसेल. आणि आपण पायरीवर बसून लहानपणी बघायचो तशा उवा बघायच्या झाल्या, तर हात मोकळेच हवेत. उवा नसल्या तर पांढरे केस मोजू.

सुनेला आशीर्वाद, नातवंडांना पापा. गुडघ्यांना तेल लाव.

आधी उठलेली आणि आता निघालेली,
तुझी
सालू